वरून मोजलेली डोकी

आमच्या शेअरदलालाच्या हॉलमध्ये पूर्वी ऐंशी खुर्च्या होत्या. आता अकरा उरल्यात. खिडकीजवळची माझी. तिच्यावर दुसरं कुणी बसत नाही, आणि चुकून बसलंच तर शेजारचे त्याला उठवतात, मला तोंड उघडावं लागत नाही. बाकीची दुनिया म्हणे फोनवर शेअर घेते आणि विकते. घेऊ दे. मी सकाळी बाजारातून कोबी, मुळा, टोफू घेते, पिशवी पायाशी ठेवते आणि नऊ वाजता समोरच्या फळ्यावर आकडे धावायला लागले की पाठ टेकते. लाल आकडा म्हणजे चढलं, हिरवा म्हणजे पडलं. चार यत्ता शिकलेल्या बाईला तेवढं पुरतं. दीडला बाजार बंद झाला की घरी जाऊन भात टाकते.

माझं नाव बाँग-यो. आमच्या बोलीत याचा अर्थ, 'असू दे, वाढवू कशीबशी.' पाचवी मुलगी झाले म्हणून बापाने ठेवलं. त्याच बापाला शेवटची आठ वर्षं मी सांभाळलं, त्याच्या चार शहाण्या मुलींनी नाही.

कंपन्यांचे हिशेब मला वाचता येत नाहीत. पण वाडगा वाचता येतो. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर कंपन्यांच्या सभा होतात आणि प्रत्येक भागधारकाला कंपनी काहीतरी भेट देते. तुमच्याकडे एक शेअर असो की लाख, भेट तीच. मी एकशेतीस कंपन्यांचा एकेक शेअर घेऊन ठेवलाय. तीस वर्षांत घरात सुरी, टॉवेल, साबण, डबा यांतलं काही विकत आणलेलं नाही. आणि या तीस वर्षांत मला एक गोष्ट कळली, ती बँकेतल्या साहेबांना कळलेली नाही. कंपनी गोत्यात आली की सगळ्यात आधी भेटीच्या भांड्याचं स्टील पातळ होतं. मग साबणाच्या तीन वड्यांच्या दोन होतात. मग छत्री येते, आणि तिच्या काड्या पहिल्या वाऱ्याला उलट्या होतात. छत्री उलटली की मी शेअर विकून मोकळी. हॉलमधले मला नाकवाल्या ताई म्हणतात ते उगाच नाही.

कंबर धड होती तोवर या भेटींच्या रांगेत मी स्वतः उभी राहायचे. आता वेई नावाचा एक दलाल आहे, त्याच्याकडे मी सभेच्या चिठ्ठ्या देते. तो शेकडो लोकांच्या चिठ्ठ्या गोळा करतो आणि पंचवीस-तीस म्हाताऱ्या बायकांना रोजावर रांगेत उभं करतो. त्या बायका मला सगळ्या तोंडओळखीच्या. रांगेत उभं राहणं हाच त्यांचा धंदा.

आता जिनलूचं सांगते. जिनलू ही कंपनी ग्राफिक्स कार्डं बनवते. कॉम्प्युटरवर पोरं खेळ खेळतात, त्यातली माणसं पळतात, बंदुका उडतात, ते सगळं या कार्डाच्या जिवावर. हल्ली म्हणे यंत्रांना विचार करायलाही तीच लागतात. मधली चिप दुसऱ्याची असते. जिनलू तिच्यावर पंखे बसवते, रंगीत दिवे लावते आणि खोक्यात घालते. वस्तू विटेएवढी आणि किंमत मोटरसायकलची. माझा मुलगा वेन-हुंग हीच कार्डं विकतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात दुसऱ्या मजल्यावर त्याचं दुकान आहे, त्याच्या बापाने रेडिओ दुरुस्तीवर उभं केलेलं. जिनलू म्हणजे सोनेरी हरीण. हरणाला आम्ही लू म्हणतो आणि बरकतीलाही लू म्हणतो. मागच्या सभेला जिनलूने झाकणाचा वाडगा दिला होता. जाड, जड, खाली ठेवला की ठण्‌ वाजणारा. तेव्हाच मी म्हटलं, ही कंपनी ठीक आहे.

आणि माझ्या जावेचं सांगते, कारण हे सगळं तिच्यापायी लिहायला बसलेय.

तिचं नाव मान-त्सू. म्हणजे 'पुरे झालं.' तिच्याही बापाला मुली पुष्कळ. सासूबाई हसायच्या, म्हणायच्या, एक सून 'असू दे' आणि एक सून 'पुरे', माझ्या घरात बरकत यायची कुठून. मान-त्सू पाचव्या मजल्यावर राहते, जुन्या इमारतीत, लिफ्ट नाही. बहात्तर पायऱ्या. धाकटे दीर गेले, मुलगी परदेशात, आणि तिचे दोन्ही गुडघे संपले. डॉक्टर म्हणाला ऑपरेशन करू, पण नंतर तीन महिने जिना चढायचा नाही. मग घरी जायचं कसं? त्यामुळे ऑपरेशन दोन वर्षं लांबलेलं. आठवड्यातून एकदा ती खाली उतरायची, कठड्याला धरून, बसत बसत, लहान मूल उतरतं तशी.

नदीपलीकडे लिफ्टच्या इमारतीत तिने एक खोली-स्वयंपाकघर बघून ठेवलं होतं. पाचवा मजला विकून आणि साठवलेलं घालूनही थोडं कमी पडत होतं. घरमालकीण महिनाभर थांबायला तयार होती. मान-त्सूने जन्मात शेअर घेतला नव्हता. मी हॉलमध्ये जाते म्हणून ती मला जुगारी म्हणायची, समोर नाही, पण म्हणायची. ती एका रविवारी फोनवर मला विचारते, "ताई, महिनाभरात वाढेल असं काही आहे का?"

खरं सांगते, मला बरं वाटलं. चव्वेचाळीस वर्षांत या बाईने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

त्याच आठवड्यात जिनलूची नवी कार्डं दुकानांत आली होती. थंडीचे दिवस, सारखी भुरभुर. मी सकाळी वेन-हुंगला सोयाबीनचं दूध आणि भाताची गुंडाळी द्यायला गेले, तर इमारतीच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग. वर जाऊन मी दुकानाच्या खिडकीतून मोजली. टोप्या, रेनकोटची टोपडी, छत्र्या. एकशे सत्तर डोकी. दुकान उघडायला दोन तास होते. दुसऱ्या दिवशी परत गेले, एकशे नव्वद. आमच्या धंद्यात मी मंदी बघितली आहे. एकेक गिऱ्हाईक हात जोडून बोलवावं लागायचं. आणि आता लोक मोटरसायकलची किंमत हातात घेऊन भुरभुरीत उभे. मी मान-त्सूला सांगितलं, घाल साठवलेले सगळे जिनलूत. तिने घातले.

मी खिडकीशी उभी असताना मागून एक पोरगेला माणूस आला. कोट, गळ्यात ओळखपत्र, तांग नाव. कुठल्याशा गुंतवणूक कंपनीसाठी बाजाराची पाहणी करतो म्हणाला. कार्डं खरंच खपतात का, की नुसती हवा आहे, ते त्याला बघायचं होतं. वेन-हुंग खोकी लावत होता, तो काही बोलेना. मग त्याने मला विचारलं. मी म्हटलं, बाळा, या बाजारात मी पन्नास वर्षं काढली. वर्तमानपत्र खोटं बोलतं, कंपनी खोटं बोलते, रांग खोटं बोलत नाही. त्याने ते लिहून घेतलं. मला वाटलं, चला, शिकलेला मुलगा आहे पण कान उघडे आहेत.

तीन दिवसांनी हॉलमध्ये पेंग, आमचा निवृत्त बसड्रायव्हर, वर्तमानपत्र नाचवत आला. त्यात तांगच्या कंपनीच्या पाहणीवरून जिनलूवर अर्धं पान. आणि मधेच चौकटीत छापलेलं की बाजारात पन्नास वर्षं काढलेल्या एका जाणकार दुकानदाराच्या मते ग्राहकांची मागणी खरी आहे, कारण रांग खोटं बोलत नाही. पेंग म्हणाला, "बघा ताई, तुम्ही म्हणत होता तेच हा माणूस म्हणतोय. तुमचं नाक आणि त्याचं डोकं एकत्र आलं म्हणजे झालंच." मला हसू आलं. तो माणूस मीच, हे सांगावं असं जिभेवर आलं होतं. पण सगळे माझ्याकडे इतक्या आदराने बघत होते की म्हटलं, राहू दे. दोघांनी म्हटलेलं एकाने म्हटल्यापेक्षा बरं. त्या दिवशी हॉलमधल्या अकरापैकी आठ जणांनी जिनलू घेतला. फळ्यावर जिनलूची ओळ लाल झाली आणि लालच राहिली. लोक मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते आणि मी चढत होते. त्याला काही गुडघे लागत नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी मान-त्सूचा फोन. मालकिणीकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय, ती आता शनिवारपर्यंतच थांबते म्हणाली आहे. कमी पडत होते तेवढे झाले आहेत. "पुरेत मला, ताई. काढू का?"

मी म्हटलं, "तुझं नावच पुरे आहे, म्हणून तुला जन्मभर पुरेसंच मिळालं. जरा थांब. शुक्रवारी नवा माल येतोय. रांग बघते, मग सांगते."

मग म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणता तर."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. ओरडून बोलली असती तर विसरले असते.

शुक्रवारी गेले. अकराला थोडा वेळ होता, दुकान उशिरा उघडणार होतं. त्या दिवशी इमारतीची लिफ्ट बंद होती आणि माझी कंबर वर चढायला तयार नव्हती, म्हणून खालीच रांगेच्या कडेने चालत राहिले. रांग लांबच होती. शेवटच्या टोकाला एक बाई घडीच्या स्टुलावर बसली होती, रेनकोटच्या टोपड्यात तोंड, हातात चहातलं उकडलेलं अंडं. अंडं सोलायला तिने मान वर केली आणि मी ओळखलं. त्साइश्या. वेईच्या रांगेतली. वीस वर्षं आम्ही एकमेकींच्या मागेपुढे साबणासाठी उभ्या राहिलोय.

ती हसली. "ताई, तुम्हीपण? तुमची कंबर गेली असं वेई म्हणत होता."

मी विचारलं, इथे काय करतेस.

"वेईने पाठवलंय. आठशे आणि जेवणाचा डबा. डब्यात कोंबडीची तंगडी असते, चांगली." मग आवाज खाली आणून तिनेच मला विचारलं, "आज या थंडीत कुठल्या कंपनीची सभा आहे हो? मागच्या वेळी मिळालेलं खोकं हे एवढं जड. मी म्हटलं, प्रेशर कुकर असणार. वेई उघडू देत नाही मेला."

रांगेच्या पुढे चालत गेले. आता मी टोपड्यांच्या आत बघत होते. तिसरी ओळखीची. सहावी, सातवी, आठवी ओळखीच्या. एक म्हातारा, ज्याच्याशी मी एकदा टॉवेलवरून भांडले होते, त्याने मला नमस्कार केला. मधे मधे कोवळी पोरं होती, पण तीही फोनवर कुणाला तरी विचारत होती, तुमच्यासाठी दोन घेऊ की तीन. सगळ्या रांगेत ज्याला घरी जाऊन ते खोकं उघडायचं आहे असे मला चार सापडले. त्यातला एक किंमत विचारून निघून गेला. भाजीवालीकडची पालकाची जुडी मी उलटी करून, मुळं बघून घेते. ही रांग मी वरून घेतली होती. डोकी मोजली, तोंडं बघितली नाहीत.

वेन-हुंग खाली टोकन वाटत होता. त्याला बाजूला घेतलं. विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, हो. तीन खोक्यांतली दोन दलाल चढ्या भावाने विकायला नेतात, निम्मी न उघडता परत बाजारात फिरतात, गोदामं भरत चाललीत, खेळणारी पोरं येतात, काचेतून बघतात आणि जातात. गेल्या दोन दिवसांत चढा भावही उतरायला लागलाय. हे सगळं त्याने मला असं सांगितलं, जसं कुणी आज थंडी आहे म्हणावं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू रोज खिडकीत उभी राहून बघत होतीस, आई. मला वाटलं तुला कळलंच असेल. तुला काय कळत नाही?"

माझाच मुलगा. तोंड माझ्यावर गेलंय, हे मला कधी कधी आवडत नाही.

आता पुढचं सांगते. हे मी घरातल्या कुणाला सांगितलेलं नाही, मान-त्सूशिवाय. तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाजार दीडपर्यंत चालू. खिशात फोन. मान-त्सूला दोन शब्द बोलायचे होते, काढून टाक. जिनलूची ओळ त्या घटकेलाही लालच होती. मी फोन काढला आणि ठेवला. मला वाटलं, आधी हॉलमध्ये जाऊन बसते, जरा दम खाते, मग करते. हॉलमध्ये गेले. पेंगने माझ्यासाठी चहा आणून ठेवला होता. त्याने विचारलं, "ताई, रांग?"

मी म्हटलं, "लांब आहे."

आठ जणांनी ते ऐकलं आणि समाधानाने फळ्याकडे बघितलं. एकीने लगेच आणखी शेअर घेतले. खोटं बोलले नव्हते. रांग लांबच होती. मान-त्सूला फोन करायचा तर उठून बाहेर जावं लागलं असतं, आणि परत येऊन या आठ जणांना काय सांगायचं ते ठरवावं लागलं असतं. मी बसून राहिले. एकदा मनात आलं, सोमवारी सकाळी गुपचूप सांगू, दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय. दीड वाजला. फळा थांबला. मी भाजीची पिशवी उचलली. इतकी जड मला ती कधी लागली नव्हती.

रात्रभर कूस बदलली. शनिवारी सकाळी बस धरली आणि तिच्या घरी गेले. बहात्तर पायऱ्या. माझंही वय चौऱ्याहत्तर. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी चपलांची मांडणी जिन्यात ठेवली आहे, तिथे टेकले. एवढ्या वर्षांत मी तिच्या घरी किती वेळा आले, मोजायला एक हात पुरला असता. सणाला, सासूबाईंच्या श्राद्धाच्या दिवसाला ती माझ्याकडे येते. धाकटीने थोरलीकडे यायचं. रीतच आहे.

ती दार उघडून बघतच राहिली. मग आत बसवलं, पाणी दिलं. तिने अळूचे कंद उकडायला ठेवले होते. फ्रिजवर चुंबकाखाली ते वर्तमानपत्राचं कात्रण लावलेलं होतं. मला बोलायला सुचेपर्यंत तीच बोलायला लागली. मालकिणीला पुन्हा फोन केला होता, ती सोमवारपर्यंत थांबायला तयार नाही, पण ताईंनी सांगितलंय थांब, तर थांबायचं, एवढं वाढलं तर दुसरं घर बघू, जरा मोठं, मुलगी आली तर झोपायला जागा.

मी म्हटलं, "सोमवारी उघडल्या उघडल्या सगळे विकून टाक."

ती हसली. तिला वाटलं मी तिची परीक्षा घेतेय. कात्रणाकडे बोट करून म्हणाली, "नाही ताई. तुमचं एकटीचं असतं ना, तर खरंच घाबरले असते. रागवू नका. पण हा दुसरा माणूसही तेच म्हणतोय. पन्नास वर्षं बाजारात आहे म्हणे."

इथेही गप्प बसता आलं असतं. तसं केलं असतं तर तिने त्या दुसऱ्या माणसाला शिव्या दिल्या असत्या आणि मी तिच्याबरोबर दिल्या असत्या.

"तो दुसरा माणूस मीच," मी म्हटलं.

तिला कळायला वेळ लागला. मग मी सगळं सांगितलं. तांगचं, त्साइश्याचं, प्रेशर कुकरचं. कुकरचं ऐकून तिच्या ओठाची एक बाजू जरा हलली, मला वाटलं हसेल. ती उठली, कठड्याला धरावं तसं टेबल धरत गेली आणि गॅस बंद केला. पाठमोरीच म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"काल किती वाजता?"

मी तिच्या पाठीकडे बघितलं. खोटं बोलायला काही लागत नाही. माझ्याकडे तर ते तयारच होतं, दोन वाजता म्हणायचं आणि सुटायचं.

"अकरा," मी म्हटलं.

"बाजार दीडला बंद होतो ना, ताई? आता मलाही माहीत झालंय."

मी हो म्हटलं. खाली कुणाच्या तरी मोटरसायकलची चोरघंटी वाजत राहिली आणि थांबली. मी म्हटलं, चुकले. हा शब्द माझ्या तोंडून कसा येतो ते मला माहीत नव्हतं, ऐकून मलाच तो परका वाटला.

ती वळली. डोळे कोरडे. "चव्वेचाळीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा चुकले म्हणालात," ती म्हणाली. "आणि तेही शनिवारी. बाजार बंद असताना."

तिने कंद सोलले, मला वाढले. मी खाल्ले. न खाऊन काय करणार होते.

रविवारी कुठल्याशा परदेशी बातमीत आलं की जगभर दुकानांत कार्डं पडून आहेत, गिऱ्हाईक नाही, पुढच्या मालाच्या ऑर्डरी कमी होणार. सोमवारी नऊच्या ठोक्याला जिनलूची ओळ हिरवी झाली, नियमाने एका दिवसात जितकं पडू शकतं तितकं पडून तिथेच चिकटली. विकणारे हजारो, घेणारा एक नाही. मंगळवारी तेच. बुधवारी कुठे दार किलकिलं झालं आणि मान-त्सूचे शेअर गेले. तिने घातले होते त्यापेक्षा कमी हातात आले. घर तर शनिवारीच दुसऱ्या कुणी घेतलं होतं. लग्न ठरलेलं जोडपं, दोघंही तरुण, लिफ्ट नसती तरी चाललं असतं त्यांना.

हॉलमध्ये मी सोमवारी उभी राहून सगळं सांगितलं होतं, अकरा वाजल्याचंसुद्धा. मला वाटलं होतं शिव्या देतील. कुणी दिल्या नाहीत. दोघांनी मान हलवली. पेंग म्हणाला, ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका, पडलंय तेव्हाच घ्यायचं असतं, आणि मग जवळ सरकून विचारलं, बरं, आता तुमचं नाक काय म्हणतंय? मी त्याला म्हटलं, नाकाला सर्दी झाली आहे. ते हसले. अजून मला तीच खुर्ची देतात. बसते, पण पूर्वीसारखी पाठ टेकत नाही.

मान-त्सूला मी म्हटलं, माझ्याकडे राहायला ये. आमच्याकडे लिफ्ट आहे, मधली खोली रिकामी आहे, ऑपरेशन करून घे, तीन महिने रहा, सहा रहा. हे बोलायला मला दोन आठवडे लागले. ती फोनवर म्हणाली, "तुमच्या घरात? सकाळ संध्याकाळ तुमचं ऐकत? त्यापेक्षा माझ्या पायऱ्या बऱ्या." रागाने म्हणाली नाही. जे आहे ते म्हणाली. मी फोन ठेवते म्हटलं, तर ती म्हणाली, थांबा.

"पुढच्या महिन्यात सासूबाईंचा दिवस आहे. यंदा माझ्याकडे करायचा."

मी म्हटलं, अगं, पूर्वजांची नावं कोरलेली, पुजायची पाटी माझ्याकडे आहे. सासूबाई माझ्या घरी येतात. थोरलीकडेच येणार ना.

"तुमच्या धुपदाणीतली राख घेऊन या. म्हणजे त्यांना वाट सापडेल. मी आता खाली उतरणार नाही, ताई. आता ज्याला यायचंय त्याने वर यायचं."

मी बरं म्हटलं. पूर्वी बोलले असते, पुष्कळ.

काल तो दिवस होता. सकाळी उठून नैवेद्याची कोंबडी उकडली, पाय आत वळवून नीट बसवली, डोकं वर. तळलेली मासळी, संत्री, सासूबाईंना आवडायची ती तिळाची मिठाई. वेन-हुंग सोडायला येतो म्हणाला, त्याला म्हटलं दुकान बघ, तिथे आता माशा मारायलाही कुणी येत नाही, त्या तरी मार. धुपदाणीतली चिमूटभर राख लाल कागदात घेतली, कागद वाटीत, वाटी पोटाशी धरली. दुसऱ्या हातात पिशवी. बसमधून उतरेपर्यंत काही वाटलं नाही.

पहिला जिना चढले. दुसरा चढले. कोंबडी चढता चढता जड होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर त्या चपलांच्या मांडणीपाशी पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसले. वरून तिच्या दाराची कडी काढल्याचा आवाज आला. बहुतेक ती कठड्यावरून वाकून बघत होती. हाक मारली नाही, खालीही आली नाही. मीही वर बघितलं नाही. तिला दिसत असणार ते एवढंच, पायरीवर एक पांढरं डोकं.

वाटीवरचा लाल कागद जरा सरकला होता. तो नीट केला. सासूबाईंनाही जिन्यांची सवय नव्हती, त्या कायम तळमजल्यावर राहिल्या. मी वाटीला म्हटलं, बसा जरा. घाई नाही. अजून दोन मजले आहेत.